टाकव्याचे आबा आणि चुन्याची बोट

बार्शीचा माणूस प्रवासाला निघतो तो तुळजापूरला, फार झालं तर पुण्याला. गेल्या मार्गशीर्षात मी शाळेतून रजा काढून मावळात टाकवे बुद्रुक नावाच्या गावी जाऊन आले, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न आला तो, "तिथे कोणता देव?" देव होते की. पण मी गेले होते आबांच्या दर्शनाला, आणि आबा काही केल्या प्रसन्न होत नव्हते.

त्याचं असं झालं. माझा धाकटा भाऊ दिनकर नौदलात आहे. आमच्याकडे मुलं पोहायला शिकतात ती विहिरीत, तेही पाऊस बरा झाला तर. तिथला मुलगा समुद्रावर कसा गेला हे मला अजून उमगलेलं नाही. बरं, गेला तो गेला, बोटीवर गप बसावं की नाही? तर हा बोटीवरून हेलिकॉप्टर उडवतो. त्याची बोट म्हणजे क्रूझर, तोफांची भलीमोठी लढाऊ बोट. तिच्या मागच्या अंगाला थोडी जागा मोकळी करून तिथे हेलिकॉप्टर ठेवलं आहे. तिथून उडायचं, लांबवर नजर टाकून यायचं आणि पुन्हा तेवढ्याच जागेवर उतरायचं. आई गेली तेव्हा दिनकर दुसरीत होता, वडील त्याच्याही आधी गेले. त्याला मी वाढवलं, आणि त्या गडबडीत माझं लग्न राहून गेलं. त्याचं मात्र राहून जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत तळेगावला आमच्या मावसभावाकडे, तात्याकडे, दिनकरने टाकव्याची इंदू पाहिली. मुलगी मॅट्रिक झालेली, गावात बालवाडी चालवणारी. मी दिनकरला विचारलं, "कशी वाटली?" तो म्हणाला, "तुला काय वाटतं ते बघ." त्याच्या तोंडी याचा अर्थ 'उद्याच लग्न लावा' असा होतो. मुलीकडूनही तसंच काहीसं कळलं. अडलं ते तिच्या आजोबांपाशी, म्हणजे आबांपाशी.

आपल्याकडे मुलीकडचे लोक होकार देण्याआधी मुलाचं घर बघायला जातात. उंबरा बघतात, विहीर बघतात, गोठ्यात किती दावी आहेत ते बघतात, मुलाची आई शेजारणीशी कशी बोलते तेही कान देऊन ऐकतात. आबांना आमच्या बार्शीच्या घराचं सांगितलं, तर त्यांनी तात्याला एकच विचारलं, "पोरगं तितं ऱ्हातं का?" नाही म्हटल्यावर, "मग ते घर बगून काय करू? ऱ्हातं ते दावा."

आता लढाऊ बोट काय गोठ्यातली गाय आहे, या आणि बघा म्हणायला? शिवाय माघात ती बोट लांबच्या सफरीवर निघणार होती, परत कधी येणार ते तेही सांगत नाहीत. त्याआधी पौष आडवा. म्हणजे जे काय ठरायचं ते मार्गशीर्षातच. तात्याचा निरोप आला, "फॅमिली फर्स्ट क्लास. प्रॉब्लेम ओन्ली आबा. तू ये." मी पिशवी भरली.

तळेगाव

तळेगाव दाभाडे हे गाव हवेसाठी प्रसिद्ध आहे, हे मला तात्याने स्टेशनवर सांगितलं, घरी जाताना टांग्यात सांगितलं, आणि जेवताना पुन्हा सांगितलं. तात्या कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथे गेल्यापासून त्याच्या प्रत्येक वाक्यात एक इंग्रजी शब्द शिफ्टवर असतो. हवा खरंच छान आहे, नाही म्हणणार नाही. बार्शीला डिसेंबरातही दुपारी डोक्यावर पदर घ्यावा लागतो, इथे मी दुपारी स्वेटर शोधत होते.

"आबांशी बोलताना वाकड्यात शिरू नकोस," तात्या म्हणाला. "माणूस सोन्यासारखा आहे, पण एकदा नाही म्हटलं की मॅटर क्लोज."

"आणि त्यांनी नाही म्हटलंय का?"

"अजून म्हटलं नाही. ते म्हणू नयेत म्हणून तर तुला बोलावलंय."

एक चांगली बातमीही त्याने राखून ठेवली होती. लोणावळ्याला नौदलाची इंजिनांची शाळा आहे. तिथे रविवारी लोकांना आत सोडणार होते, आणि दिनकर आपलं हेलिकॉप्टर घेऊन तिथे येणार होता. बोट जरी दाखवता आली नाही, तरी बोटीवर उतरणारा मुलगा दाखवता येणार होता. त्या रात्री मी निवांत झोपले. एवढं निवांत झोपायचं काही कारण नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

टाकवे बुद्रुक

कान्हे फाट्यावर उतरून इंद्रायणी ओलांडली की टाकव्याची वाट लागते. तात्या बरोबर होताच. भातं निघून गेली होती. खाचरं रिकामी होती, बांधाबांधावर पेंढ्याच्या उडव्या उभ्या होत्या, आणि खळ्याखळ्यांवर झोडणी चालली होती. आमच्याकडे ज्वारीच्या खळ्यावर बैल गोल फिरतात. इथे माणसंच पेंढी हातात धरून दगडावर आपटतात. लांबून ऐकलं तर गावभर कोणी धुणं धुतंय असं वाटतं.

इंदूचं घर गावाच्या टोकाला. दारात सारवलेलं खळं, कडेला गोठा, त्यात दोन तरणे खोंड. आबा खळ्याच्या काठावर सूप घेऊन भात वारवत होते. वय सत्तरीच्या पुढचं, पाठ ताठ, डोक्याला पांढरं मुंडासं. त्यांनी मला आपादमस्तक बघितलं आणि हाक मारली, "इंदे, पानी आन गं. बार्शीच्या मास्तरीणबाई आल्यात."

इंदू पाण्याचा तांब्या घेऊन आली. उंच, सावळी, चालण्यात अजिबात संकोच नाही. मुलगी बघायला आलेल्या बाईसमोर मुली मान खाली घालतात. हिने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "ताई, वाटेत ऊन लागलं का?" मला ती तिथेच आवडली, आणि त्याचबरोबर भीतीही वाटली, की आता हे जमलं नाही तर दिनकरपेक्षा मलाच जास्त लागेल.

इंदूच्या आईने, मी त्यांना वहिनीच म्हणू लागले, आंबेमोहराचा भात आणि हुलग्याचं पिठलं केलं होतं. भात रटरटायला लागला तसा वास ओसरीवर आला, आणि मी भाकरीवर वाढलेली बाई, तिसऱ्यांदा भात घेतला. या लोकांना दोन्ही वेळेला भात चालतो याचं मला नवल वाटायचं. असा भात असेल तर मी तिन्ही वेळेला खाईन. वहिनींना हे सांगितलं तर त्या लाजून म्हणाल्या, "खावा की ताई, घरचाच हाय."

जेवणं झाली, पानाचं तबक फिरलं आणि आबांनी विषयाला हात घातला.

"पोरगं बोटीवनं उडतं म्हनं."

"हो आबा."

"आन माघारी बोटीवरच येतं."

"हो."

"तवर बोट तितंच थांबती?"

मी शिक्षिका आहे, खोटं बोलता येत नाही. "नाही. बोट चालतच असते."

आबांनी पान गालात सरकवलं. "मंजी बगा, मी सकाळी रानात गेलो आन सांच्याला माघारी आलो, तर घर पल्याडच्या भोयरे गावाला गेल्यालं. मी कुनाच्या दारात जाऊ?"

प्रश्न बिनतोड होता. पण वर्गात बिनतोड प्रश्न आला की मी प्रयोग करून दाखवते, ती खोड इथेही आड आली. मी वहिनींकडून पाण्याने भरलेलं घंगाळ मागवलं. त्यात पितळी ताटली तरंगत सोडली. ही झाली बोट. तबकातली सुपारी उचलली, हे झालं हेलिकॉप्टर. "आता बघा आबा, बोट अशी चालली," मी बोटाने ताटलीला धक्का दिला, "आणि दिनकर असा वरून आला, आणि असा अलगद..."

सुपारी ताटलीच्या काठावर टेकली, ताटली कलली, आणि सुपारी डुबुक करून तळाला गेली.

आबा घंगाळात डोकावून म्हणाले, "बुडाला जावई."

वहिनी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. तात्या कौलं मोजायला लागला. मीही हसले, पण ते हसू कसं होतं ते माझं मला माहीत. सुपारी फुटावी म्हणून आलेल्या बाईने ती स्वतःच्या हाताने बुडवली होती. तेवढ्यात इंदूने कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ती बाहेर काढली, पदराला पुसली आणि परत तबकात ठेवली. "आबा, रविवारी खरंखुरं बगू," ती म्हणाली. आबा नाही म्हणाले नाहीत. त्या दिवसापुरतं मला तेवढं पुरलं.

लोणावळा

वहिनींनी मला तोवर ठेवूनच घेतलं होतं, रविवारी तात्या येऊन मिळाला आणि आम्ही पाचजण निघालो. आबा, वहिनी, इंदू, तात्या आणि मी. फाट्यापर्यंत आबांची बैलगाडी, ती तिथल्या एका ओळखीच्या अंगणात सोडली, आणि पुढे एसटी. आबांनी धुवट धोतर नेसलं होतं आणि मुंडासं इतकं घट्ट बांधलं होतं, की भुवया वर चढल्यामुळे ते सगळा वेळ आश्चर्यचकित दिसत होते.

लोणावळ्याबद्दल एवढंच सांगते की जावं. दाट झाडीतले बंगले, त्यांच्या फाटकांवर पारशी नावं, आणि सकाळी दहा वाजताही झाडांत अडकून राहिलेलं धुकं. रस्त्यावर दर चौथ्या दुकानात चिक्की. आमच्याकडे शेंगदाणा-गुळाच्या या वडीला कोणी पाहुण्यापुढे ठेवणार नाही, इथे तिला रंगीत खोक्यात घालून मुंबईचे लोक घेऊन जातात. मी नाक मुरडलं आणि दोन खोकी घेतली.

नौदलाच्या शाळेचं आवार इतकं स्वच्छ, की वहिनींनी फाटकाशी चपला काढून हातात घेतल्या. पहाऱ्यावरच्या जवानाने त्यांना हात जोडून परत घालायला लावल्या. आत मैदानावर गर्दी होती. मध्यभागी, आम्ही शाळेत कबड्डीचं मैदान आखतो तशी, चुन्याच्या फक्कीने एक आकृती आखली होती. बोटीच्या मागच्या भागाचा खरा आकार, एक इंच कमी नाही की जास्त नाही, असं ध्वनिक्षेपकावरून सांगत होते. त्यात एक वर्तुळ. हेलिकॉप्टर त्या वर्तुळात उतरणार.

आबा रेघेच्या कडेने चालत गेले आणि परत आले. "यवडीच?"

"एवढीच," मी म्हटलं.

"आमचं खळं हिच्यापरीस मोटं हाय." त्यांच्या आवाजात अभिमान होता की काळजी, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

मग घाटाच्या बाजूने आवाज आला. आधी ठिपका, मग टोळासारखा आकार, मग डोक्यावर गडगडाट. बायकांचे पदर, मुलांच्या टोप्या, चिक्कीचे कागद, सगळं उडालं. आबांनी दोन्ही हातांनी मुंडासं धरलं. धुळीने डोळे भरले होते, पण पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून तसेच पाणावलेल्या डोळ्यांनी बघत राहिले. हेलिकॉप्टर वर्तुळावर आलं, थोडं थरथरलं, आणि मांजर उशीवर बसावं तसं बसलं. चाकं वर्तुळाच्या आत. टाळ्या पडल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या, हाताला झिणझिण्या आल्या.

दिनकर उतरून आमच्याकडे आला आणि भर मैदानात वाकून आबांच्या पाया पडला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी पाढे म्हणताना व्हायचे तसेच. आबांनी त्याला खांद्याला धरून उठवलं, नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "हुशार हाईस. पन ही चुन्याची बोट कुटं पळती?"

झालं. माझ्या टाळ्या वाया गेल्या.

दिनकर मात्र हसला नाही. तो आबांच्या शेजारी गवतावर बसला आणि सांगू लागला, की पूर्वी क्रूझरवर उतरायला जागाच नसायची. छोटं विमान असायचं, ते गलोलीतून दगड फेकावा तसं बोटीवरून हवेत फेकायचे. काम झालं की ते विमान बोटीच्या शेजारी पाण्यावर उतरायचं, खाली होडीसारखा तळ असायचा त्याला. मग बोटीवरची यारी, म्हणजे क्रेन, खाली यायची, वैमानिक उभा राहून तिचा आकडा अडकवायचा, आणि सगळं विमान उचलून वर घ्यायचे.

"हिरीतनं बादली काढत्यात तसं," आबा म्हणाले. त्यांना ते आवडलं होतं.

"अगदी तसंच. लाटा असल्या तर आकडा हाती लागायचा नाही, माणसं पाण्यात पडायची. आता बरं आहे आबा. आता आम्ही थेट बोटीवरच उतरतो."

"आन बोट घावलीच न्हाई तर?"

तात्याने मागून दिनकरला कोपराने ढोसलं. याचा अर्थ, काहीतरी गोड सांग. पण मी वाढवलेला मुलगा आहे तो. "नाही सापडली," तो म्हणाला, "तर इंधन असेल तोवर शोधायची. मग पाण्यात उतरायचं आणि वाट बघायची. बोट आपल्याला शोधत येते."

"यतीच?"

"यावी अशीच आशा असते."

मी डोळे मिटून घेतले. आबांनी मान हलवली आणि ते उठून इंजिनं ठेवलेल्या शेडकडे निघाले. त्यांच्यामागे तात्या, 'आबा, हे टेक्निकल मॅटर आहे' असं काहीतरी म्हणत. वहिनी माझा हात धरून उभ्या राहिल्या. इंदू आणि दिनकर दोन पावलांवर होते. मला ऐकू येऊ नये इतकी काही मी दूर नव्हते, आणि असते तरी ऐकलं असतं.

इंदूने विचारलं, "बोट पळत असताना नेमकं उतरता कसं?"

"मागून येतो. तिच्या बाजूला येऊन तिच्याइतक्याच वेगाने चालत राहतो. वेग सारखा झाला की ती थांबल्यासारखीच दिसते. मग नुसतं सरकायचं."

इंदू एकदम खुदकन हसली. दिनकर गोंधळला, मीही. यात हसण्यासारखं काय होतं, ते मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

परतीची वाट

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तात्या तिथूनच तळेगावला गेला. त्याचा चेहरा असा, की मॅटर क्लोज. आबांनी गाडी जुंपली. पेंढ्यावर घोंगडी टाकून आम्ही तिघी बसलो. मी लोणावळ्याची चिक्की काढून सगळ्यांना दिली, तर तीही सगळ्यांनी गप्प राहून चावली.

नदी ओलांडली की टाकव्याकडे एक चढ लागतो. तिथे सगळ्यांनी गाडीतून उतरायचं असतं, बैलांना ओझं हलकं व्हावं म्हणून. तसा रिवाजच आहे. वहिनी गुडघ्यांमुळे वर राहिल्या, मी आणि इंदू उतरून मागून चालू लागलो. चढ संपला आणि त्या तरण्या खोंडांना घराचा वास आला. त्यांनी जी धूम ठोकली, ती बघून मी उभीच राहिले.

"आबा, थांबवा!" मी ओरडले.

"थांबायची न्हाईत ती," इंदू म्हणाली. "नवी हायेत. वाटंत थांबवली तर बसकन मारत्यात, मग रात झाली तरी उटत न्हाईत. पळा!"

आणि ती पळाली. पदर खोचून, गाडीच्या बाजूने, चाकापासून हातभर अंतरावर. दोन-चार पावलं गाडीबरोबर पळाली, मागच्या खुंट्याला हात घातला, आणि ओसरीवर बसावं तशी गाडीत बसली. बसताना गाडीला हिसकासुद्धा बसला नाही.

मागे राहिले ती मी. वय बेचाळीस, पायात बार्शीच्या चपला, हातात चिक्कीचं खोकं. मी गाडीकडे धावले. ती होती तिथे पोहोचले तर ती पुढे. पुन्हा धावले, पुन्हा ती पुढे. चपलेचा अंगठा तुटला. गाडीतून वहिनी हात पसरून मला बोलावत होत्या, जणू मी न येण्याचा हट्टच धरला होता.

इंदू ओरडली, "ताई, गाडीकडं पळू नका! गाडीसंगं पळा! चाकाच्या कडंनं या!"

तुटकी चप्पल मी तिथेच सोडली आणि बाजूने पळाले. आणि खरं सांगते, एक क्षण असा आला की मी आणि गाडी बरोबरीने पळत होतो, आणि गाडी थांबल्यासारखी झाली. चाक फिरत होतं, धूळ उडत होती, पण तो खुंटा माझ्या हातापाशी होता, अगदी स्थिर. मी तो धरला. इंदूने मला दंडाला धरून ओढलं आणि मी पेंढ्यात तोंडावर पडले. अलगद वगैरे काही नाही, पण पोहोचले.

इंदू इतकी हसत होती की तिला बोलता येईना. मग तिने आजोबांच्या पाठीला हाक मारली. "आबा, घावली का न्हाई गाडी? मी उतरले तवा गाडी चढाखाली व्हती. मी तितं गेले का माघारी? ते बी असंच करत्यात. बोट कुटं व्हती ते बगतच न्हाईत. तिच्यासंगं पळत्यात."

आबांनी मागे वळून नातीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या केसातल्या पेंढ्याकडे, अनवाणी पायाकडे. त्यांच्या मिशा हलल्या. पण क्षणात पुन्हा पुढे बघत ते म्हणाले, "गाडी डोळ्याम्होरं हाय, पोरी. समिंदरात धुकं आलं मंजी?"

इंदूने माझ्या केसातला पेंढा काढायला घेतला. पुढे घरापर्यंत नुसता बैलांच्या घुंगरांचा आवाज.

सोमवार, निघताना

सकाळी मी पिशवी भरली. वहिनींनी त्यांच्या चपला मला घालायला दिल्या आणि पिशवीत आंबेमोहर ओतला, नको नको म्हणत असताना. इंदू गोठ्यात होती. आबा खळ्याच्या काठावर बसले होते, आज हातात सूप नव्हतं. मी निरोप घ्यायला गेले तर म्हणाले, "बसा."

मी बसले.

"इंदीचा बाप टरकावर डायवर व्हता," आबा म्हणाले. "माजा येकुलता येक. बोरघाटातनं यायचा. ही चार वरसांची आसंल. सांच्याला ह्या खळ्यावर बसून वाट बगायची त्येची. येक दिस घाटात लय धुकं व्हतं." त्यांनी खळ्यावरचा एक दाणा उचलून बोटांत फिरवला. "मी राती इच्यार करत व्हतो. बोट हलती, बोट हलती म्हनून मी तुमाला तरास दिला. पन ह्ये घर तर हितंच व्हतं. येक तसूबर हाललं न्हाई. तरी न्हाई आला त्यो."

गोठ्यातून शेणाच्या पाटीचा आवाज आला आणि थांबला. इंदू ऐकत होती.

"मंजी घर कुटं हाय, ह्यावर काय न्हाई," आबा म्हणाले. "आता येकच इच्यारतो, खरं सांगा. पोरगं बोटीवर आसतं तवा तुमी बार्शीत येकट्याच. वाट बगायची सवं झाली का तुमाला?"

किती सोपं होतं हो म्हणणं. तात्या असता तर त्याने मला कोपराने ढोसलंच असतं. पण त्या माणसासमोर माझी जीभ वळेना. शाळेत मी कडक बाई म्हणून प्रसिद्ध आहे. दिनकर सफरीवर असतो तेव्हा मी वर्गात जोरजोरात शिकवते, घरी येऊन सगळी भांडी पुन्हा घासते, आणि सायकलची घंटा वाजली की तारवाला आला असं वाटून दारामागे उभी राहते. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, दिनकरला तर नाहीच.

"नाही आबा," मी म्हटलं. "इतकी वर्षं झाली, पण सवय होत नाही. दर वेळी पहिल्यासारखीच भीती वाटते." आणि मला रडू आलं. मुलगी मागायला आलेली बाई मी, मुलीच्या आजोबांसमोर चांगली हुंदके देऊन रडले. गेलं आता सगळं, असं मनात आलं, आणि तरीही हलकं वाटलं.

आबांनी गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "इंदे, हात धू आन हिकडं ये."

ती आली. पदराला हात पुसत, डोळे लाल, पण मान ताठ. आबांनी तिचा ओला हात धरला आणि माझ्या हातात दिला.

"बाई येकटीच बगती वाट इतकी वरसं," ते नातीला म्हणाले. "जा. आता दोगी मिळून बगा."